रेडिओची काच

तेराव्याला जमलेले पाहुणे जुन्या रेडिओभोवती उभे होते. "दादाने पोटच्या पोरासारखा जपला हो," धाकटे दीर डोळे पुसत म्हणाले. "मऊ कुंचल्याने, हलक्या हाताने काच झाडायचा."

हलक्या हाताने! दादाच्या बायकोने काचेकडे पाहिलं. काचेच्या कडेला त्याच्या तपकिरीच्या बोटांचे किळसवाणे डाग अजून होते. स्टेशनांची नावं काचेच्या मागून रंगवलेली असतात, ओल्या फडक्याने निघून जातात, हे नव्या नवरीला कुठून ठाऊक? तिने हौसेने काच काढून दोन्ही बाजूंनी पुसली आणि कोलंबो फडक्यावर आलं. तीच तपकिरीची बोटं तिच्या गालावर उठली. रेडिओला तिने पुन्हा हात लावला नाही. त्याचा हात मात्र जन्मभर थांबला नाही.

"वहिनी, आता तुम्हीच सांभाळा हा."

"सांभाळते की." तिने पदर खोचला, काच काढली आणि ओल्या फडक्याने मागून खसाखसा घासली. दिल्ली गेली, मुंबई गेली.

"अहो वहिनी, अक्षरं जातायत!"

तिने काळं फडकं हार घातलेल्या फोटोसमोर पिळलं. "जाऊ द्या. आता कोण थोबाडीत मारतंय?"