पोरीसाठी एक घोट

१९८६ साली चोपड्याजवळच्या आमच्या पाड्यावर माझ्या लेकीची, गुंताची, सोयरीक होती. आमच्यात मुलीच्या बापानं मोहाच्या दारूचा घोट घेतला की सोयरीक पक्की होते. पण गुंताच्या बापानं, माझ्या नवऱ्यानं, वर्षापूर्वी बाप्तिस्मा घेऊन दारू सोडली होती. तो पिऊन मारायचा. त्याची दारू सुटावी म्हणून मीच येशूजवळ रडले होते. मुलाच्या बापानं दारूनं भरलेला पानाचा द्रोण पुढे केला. "तुना देवले इचारी ये, व्याही. आम्ही थांबतस," तो हसला. दाराआडून गुंता बघत होती. "एक घोट घे रे, पोरीसाठी," मीच म्हणाले. "एक घेतला तर मी थांबणार नाही," नवरा म्हणाला. त्यानं द्रोण मागे सारला. पाहुणे उठले. महिन्यात त्या मुलाचं दुसरीकडे लग्न झालं. नवरा मरेपर्यंत प्यायला नाही. गुंता बिनलग्नाची राहिली, बापाशी बोलली नाही. मी दोघांना वेगवेगळ्या वेळी भाकरी वाढायचे.