उपटलेली वेल

या, असे जवळ सरका. ही गोष्ट आवाज चढवून सांगायची नाही. एका दाराची आणि एका वेलीची आहे, कानाशीच बरी.

परसात मुकादम कुदळ घेऊन उभे होते. समोर हॉप्सची वेल, दोरीला विळखे घालत छपरापर्यंत चढलेली. तिच्यात नजरेच्या उंचीवर बारीक फुलांचा एक झुबका लोंबत होता. मुकादमांनी बोट लावलं. बोटाला पिवळी धूळ लागली.

“नरफुलं!” ते दातओठ खात म्हणाले. “माझ्या घरात?”

मुकादमांचा जन्म हॉप्सच्या मळ्यात गेला होता. या वेलींत नर वेगळा, मादी वेगळी. बिअरला कडवट चव आणायला कारखान्यात जातात ती मादीची बोंडं. मळ्यात एक नर माजला, की बोंडांत बिया धरतात आणि पीक मातीमोल होतं. म्हणून नरफूल दिसलं की वेल मुळासकट उपटायची, हा मळ्याचा कायदा. त्यात मुकादम वाघ. झुबका दिसला की मान वर करून शेंड्याकडे बघतसुद्धा नसत. “नराची चौकशी करायची नसते,” गड्यांना ऐकवत, “त्याला कुदळ दाखवायची असते.”

घरची वेल मात्र कारखान्यासाठी नव्हती. मुकादमांनी मळ्यातून मुळाचा एक तुकडा डब्यात घालून आणला होता, तो कारभारणीनं हातानं लावला. दरवर्षी ती बोंडं वाळवून उशीत भरायची. त्या उशीवर डोकं टेकलं की मेल्यासारखी झोप यायची. कारभारीण गेली, तरी मुकादमांनी उशीचा नेम सोडला नव्हता. यंदा सोडला. यंदा ते आजवर परसातच फिरकले नव्हते.

“मुकादम, वेलीला पाणी घाला हो,” भिंतीपलीकडून शिंपीणकाकू उन्हाळाभर ओरडत होत्या. “माणसांवरचा राग झाडांवर कशाला?”

राग लेकीवर होता. ठकीवर. उन्हाळा लागता लागता ती तान्हं पोर खांद्यावर टाकून दारात आली होती. पोराचा बाप पोराचं तोंड बघायच्या आधीच निघून गेलेला. ती म्हणाली, “बाबा, आम्ही दोघं इथं राहू?” आणि मुकादम दारातून बाजूला झाले नाहीत. “बापाशिवाय पोर म्हणजे दोरीशिवाय वेल,” ते म्हणाले. “जमिनीवर पसरते, येईल त्याच्या पायाखाली जाते. आधी त्याला शोध, मग ये.” ठकीनं पोर या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं आणि पाठ फिरवली. ती कोपऱ्यावर पोचायच्या आत मुकादमांनी वरची कडी लावली. मग खालचीही लावली.

तेव्हापासून त्या घरात एकच ताट, एकच पेला आणि रात्रभर टक्क उघडे दोन डोळे.

कुठून तरी बी उडून आलं आणि कारभारणीच्या वेलीत हा चोर घुसला, असं मुकादमांनी ठरवूनच टाकलं. कुदळीचा घाव घातला, बुंधा दोन्ही हातांनी धरला आणि ओढला. दोरी तुटली. सगळी वेल भसकन अंगावर कोसळली.

पाला बाजूला सारून ते चोर शोधू लागले. झुबक्यापासून देठ धरून खाली आले, खालून पुन्हा वर गेले. शेंड्याशी मूठभर बोंडं होती. सुकलेली, इवलीशी, पण तोच वास. उशीचा.

वर बोंडं, खाली नरफुलं. आणि बुंधा एकच.

जुने मळेवाले सांगायचे आणि मुकादम हसायचे: मादी वेल तहानेनं जायला आली, आसपास कुणी नसलं, की कधीकधी तीच नरफुलं काढते. बी धरायला जे कमी पडतं, ते स्वतःच्या अंगातून काढते. हसत हसत असल्या किती वेली उपटल्या असतील, देव जाणे.

मुळाला अजून ओल होती, कोंब फुटायचे डोळे होते. मुकादमांनी हातानंच खड्डा केला, मूळ पुन्हा पुरलं, बादली बादली पाणी ओतलं. मग मातीच्या हातानंच फोन लावला.

“ठके...”

आधी पोराचं रडणं ऐकू आलं. मग तिचा आवाज. “बोला.” एवढंच. बाबा म्हणाली नाही.

“तुझ्या आईच्या वेलीला नरफुलं आली.”

“मग उपटली असेल. तुमचा कायदाच आहे.”

“उपटली. परत लावली.” त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. “पाणी मीच तोडलं होतं गं तिचं... पोर झोपतं का?”

“नाही.”

“थोडी बोंडं आहेत. त्याच्यापुरती उशी होईल. घेऊन ये त्याला.”

“आणि कुणी विचारलं, याचा बाप कुठं आहे?”

“सांगेन, ही काय, कडेवर घेऊन उभी आहे.”

पलीकडे पोराचं रडणं वाढलं. मग फोन बंद झाला.

मुकादमांनी बोंडं वाळवली, शिंपीणकाकूंकडून तळहाताएवढी उशी शिवून आणली आणि दाराजवळच्या खुर्चीवर ठेवली. ठकी अजून आलेली नाही. येईल, न येईल; ते तिच्या मनावर आणि देवाच्या हातात.

आता उठा तुम्ही, उशीर नका करू. फक्त घरी जाऊन दार लावताना क्षणभर मुकादमांची आठवण ठेवा. त्यांच्या दाराच्या दोन्ही कड्या काढलेल्या आहेत.