नमुनेदार पाळणाघर

तपासनीस बाई येणार म्हणून पाळणाघरवाल्या ताईंनी घर असं लखलखीत केलं होतं की नाव ठेवायला जागा नको. टेबलाच्या कोपऱ्यांना रबर, प्लगना झाकणं, जिन्याला फाटक, औषधांच्या कपाटाला कुलूप. फरशीवर बिस्किटाचा चुराही सापडेना.

तपासनीस बाईंनी चष्मा सावरत कोपरान् कोपरा पाहिला. "मुलं कुठं दिसत नाहीत ती?"

"शेजारच्या काकूंकडे बसवलीयत. तुम्हाला घर नीट बघता यावं म्हणून."

तेवढ्यात भिंतीपलीकडे धाडकन काहीतरी पडलं आणि पाठोपाठ कुणीतरी भोकाड पसरलं. दोघी खिडकीशी धावल्या. काकूंच्या जिन्याला ना कठडा, ना शेगडीला आडोसा.

"काही नाही गं, स्टूल पडलं!" काकू पलीकडूनच ओरडल्या. "पोरं घाबरलीत नुसती!"

तपासनीस बाईंनी सुस्कारा सोडला. "काय हे शेजारचं घर! पण ते आमच्या तपासणीत येत नाही. तुमचं मात्र शंभर नंबरी हं. उद्यापासून माझ्या नातीलाच तुमच्याकडे ठेवते."

"आणा की! घर तुमचंच आहे."

बाई गेल्या. ताईंनी फरशीवरचे त्यांच्या चपलांचे ठसे पुसले, कोपऱ्याचं रबर जरासं दाबून बसवलं. इतकं जिवापाड जपलेलं घर पोरांच्या तावडीत द्यायला त्या काही खुळ्या नव्हत्या. मग रोजच्यासारखी त्यांनी भिंतीवर थाप मारली.

"काकू, उद्यापासून तुमच्याकडे एक वाढली हो!"