एका मिनिटातले प्राणी

हसू नका गं, आधी ऐका! मेंदूच्या संशोधनातली आपली ती स्मरणशक्तीची साधी चाचणी. मी रेकॉर्डिंग सुरू केलं, घड्याळ लावलं आणि धनगरवाड्यावरच्या धुरपाआजींना म्हटलं, "एका मिनिटात आठवतील तेवढे प्राणी सांगा." आजी सुटल्याच, "चांदी, बांडी, मोरी, ढवळी..." मी वाट बघतेय, वाघ येईल, हत्ती येईल! मिनिट संपलं. मी फॉर्मवर शून्य लिहिलं.

तेवढ्यात त्यांचा लेक आला, आणि मी शहाणी बोलून गेले, "आजींची स्मरणशक्ती फारच कमी झालीय हो."

"मग आये, आजपासून रानात मी जातो," तो म्हणाला. आजींनी हातातली काठी त्याला दिली.

त्यानं शेळ्यांच्या कुंपणाचं फाटक उघडलं, तर एक हलेल तर शपथ! आजींनी बसल्या जागेवरून हाक दिली, "चांदे! बांडे! मोरे! ढवळे!" नाव घेतलं की तीच शेळी बाहेर. तेवीसच्या तेवीस, माझ्या रेकॉर्डिंगमधल्याच क्रमानं!

माझे कान तापले. मी काही बोलणार, तर आजीच माझा हात धरून हळूच म्हणाल्या, "ताई, परत इचारता का? आता नीट आठवून सांगते."