दारावरची पाटी

आमच्या अप्पांना टाकाऊ असं काही दिसतच नसे. मोडक्या बैलगाडीचे आरे आमच्या खिडकीला गज म्हणून होते, फुटक्या रांजणाचा काठ कोनाड्याला कमान म्हणून. लातूर वेगळा जिल्हा झाला, तेव्हा ग्रामपंचायतीनं 'ग्रामपंचायत कार्यालय, जिल्हा उस्मानाबाद' लिहिलेली जुनी पत्र्याची पाटी उकिरड्यावर फेकली. अप्पांनी ती उचलून आणली आणि आमच्या कुजलेल्या दारावर ठोकली, अक्षरं रस्त्याकडं करून.

गावात शिरताना आमचंच घर पहिलं. परगावचा माणूस 'ग्रामपंचायत कार्यालय' वाचायचा, चपला काढून ओसरीवर बसायचा आणि सरपंचाची वाट बघायचा.

त्यात साल दुष्काळाचं. आमची आई, अव्वा, कावायची, "घोटभर पाणी न्हाई घरात, आन ह्या समद्यांला चहा कुठून पाजू? आधी ती पाटी उपटा!"

"अगं, लई मजबूत पत्रा हाय. आपण मेलो तरी गंजत न्हाई."

शेवटी एका सकाळी अव्वाच पक्कड घेऊन दाराशी गेली. पहिला खिळा हलला, तोच पाण्याचा टँकर समोर येऊन थांबला. नवखा ड्रायव्हर उतरला. त्यानं पाटी वाचली आणि विचारलं, "मावशी, ग्रामपंचायत हीच का?"

अव्वानं पक्कड हळूच पदराखाली घेतली.



"हाव, हीच. सरपंच भाईर गेलेत. तुमी पाइप सोडा, मी चहा ठेवते."