रिकामा पेला

माझी नात लहानपणी दुधाचा पेला घेऊन गॅलरीत जायची आणि दोन मिनिटांत रिकामा करून आणायची. "आमच्या पोरीच्या मागे लागावं लागत नाही हो!" असं मी सगळ्यांना कौतुकानं सांगायचे. वाईट एकाच गोष्टीचं वाटायचं, गॅलरीतला माझा लाडका गुलाब त्याच वर्षी कशानं कोण जाणे, जळून गेला.

पुढं पाच वर्षं शिकून, हॉस्पिटलात उमेदवारी करून, परीक्षा देऊन ती रजिस्टर्ड आहारतज्ज्ञ झाली. आता ऑपरेशननंतर मी तिच्याच हॉस्पिटलात पडून आहे. अंगात ताकद आल्याशिवाय घरी सोडणार नाहीत, म्हणून तिनं प्रोटीन घातलेलं दूध तीन वेळा लावून दिलंय. चव विचारूच नका. आठवडाभर माझे सगळे पेले रिकामे दिसतात, म्हणून नर्स मला 'शहाणी आजी' म्हणते.

आज नात आली. तिनं फाइल चाळली, न वाढलेलं वजन पाहिलं, रिकामा पेला पाहिला. मग खिडकीतली फुलझाडाची कुंडी उचलून बाहेर ठेवून आली.

"अगं, ती का नेलीस?"



"आजी, तुझा गुलाब उगाच नव्हता जळला."