तीन तासांनी दुसरी नळी

“हात सैल सोड, दादा. बस चालवतोयस का?”

प्रयोगशाळेत रक्त काढणारा धाकटा भाऊ हसला, पण बसचालक दादाला काही हसू फुटलं नाही. आठवड्यात दोनदा त्याची छाती भरून आली होती. कंपनीच्या डॉक्टरबाईंनी नवी चाचणी लिहून दिली. हृदयाला किंचित इजा झाली, तरी ती रक्तात दिसते. आकडा वीसच्या वर गेला की स्टिअरिंग सुटलं. निवृत्तीला अजून तीन वर्षं होती.

“तू रोज पळतोस,” दादा हळूच म्हणाला. “तुझं रक्त दे ना माझ्या नावावर. एकाच आईचं तर आहे.”

धाकट्याने आधी त्याला वेड्यात काढलं. मग वहिनीचा चेहरा डोळ्यांपुढे आला. या दोघांनीच त्याला शिकवून मोठं केलं होतं. तो आतल्या खोलीत गेला, कालपासून आखडलेला खांदा चोळला आणि स्वतःची नळी भरली. तिच्यावर दादाच्या नावाचं लेबल डकवलं. दादाची नळी खिशात टाकली.

यंत्रावर आकडा आला, दीडशे.

त्याने खिशातली नळी काढून पाहिली. घाईत नळ्यांची अदलाबदल झाली, दुसरं काय. लपवायलाही वाव नव्हता, आकडा डॉक्टरबाईंच्या संगणकावर पोचला होता.

दादा बाहेर बाकावर बसला होता.

“दादा, चुकून तुझंच रक्त गेलं. बरंच झालं म्हण. नोकरी गेली तर जाऊ दे, तू राहा.”

“तुझ्या वहिनीला तूच सांग,” दादा एवढंच म्हणाला.

बाईंनी त्याला खाटेवर झोपवलं. आकडा चढतोय का ते पाहायला नियमाप्रमाणे तीन तासांनी दुसरी नळी घेतात. ती बाईंनी स्वतः भरली. तोवर धाकटा औषधं आणायला, कागद न्यायला जिने चढत-उतरत होता. घामाने शर्ट भिजला, तरी त्याला बसवत नव्हतं.

दुसरा आकडा आला, चार.

बाईंचा फोन आला. “यंत्र तपासलंस?”

“दोनदा.”

“मग ऐक. दीडशेचा आकडा तीन तासांत उतरत नाही, दिवस लागतात. पहिलं रक्त तुझ्या भावाचं नव्हतंच. ज्याचं असेल त्याला शोध, आणि एक पाऊलही चालू देऊ नकोस.”